डोंगरातले मार्मोट आणि बर्फ वितळताना भेटणारी इतर मंडळी

निळी_छत्री (८ जून)

शीळ ऐकली तेव्हा डोक्यात आलेला पहिला विचार काही बरा नव्हता. चढावर मी एकटी, पुढेमागे चिटपाखरू नाही आणि कोणीतरी कडक शीळ घातली. तावातावाने मागे वळले तर माणूस नाहीच. तीसेक पावलांवर एका सपाट खडकावर मांजरापेक्षा मोठं, तपकिरी, गबाळं जनावर पोट टेकून बसलं होतं आणि माझ्याइतक्याच तावातावाने माझ्याकडे बघत होतं. मार्मोट!

जागा: फ्रेंच आल्प्समधलं वानवाज राष्ट्रीय उद्यान. उंची साधारण २२०० मीटर. निम्मा उतार हिरवा झालेला, निम्म्यावर अजून बर्फाचे पट्टे. मी होते तिथेच मटकन बसले. पाच-सात मिनिटं आम्ही दोघं एकमेकांना तोलत होतो. मग त्याचा माझ्यातला रस संपला आणि त्याने गवत उपटायला घेतलं. अंगावरचं कातडं थोरल्या भावाचा कोट घातल्यासारखं लोंबत होतं. जरा वेळाने खालून दुसरा आला. दोघांनी नाकाला नाक लावून हुंगलं, आणि काही घडलंच नाही अशा थाटात दोघंही चरायला लागले.

सगळ्यात मजा वाटली ती वरच्या बर्फाच्या पट्ट्याची. पांढऱ्याशुभ्र बर्फात एक गोल भोक, भोवती मातीचा सडा, आणि तिथून थेट गवतापर्यंत गेलेली एकच मळकट वाट. म्हणजे हा गडी बर्फ फोडून बाहेर आलेला!

पिल्लं मात्र दिसली नाहीत. ती कधी दिसतात? आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला डोंगरात तुम्ही काय काय पाहिलंय? लिहा सगळे.

खडूस_आजोबा (८ जून)

सहा महिने झोपायचं, उठायचं ते बारीक होऊनच, आणि उठल्या उठल्या समोर हिरवंगार ताट. पुढच्या जन्मी अर्ज कुठे करायचा तेवढं कळवा.

ओंजळ (८ जून)

मस्त धागा! वाचनखूण साठवली आहे. माझा एक बाळबोध प्रश्न: मार्मोट म्हणजे नक्की कोण? वर्णनावरून घूस वाटते.

दुर्बीणवाला (९ जून)

घूस नाही, खार. खारींच्या कुळातलंच जनावर, फक्त झाड सोडून जमिनीत राहायला गेलेलं. जगात मार्मोटच्या पंधराएक जाती आहेत आणि सगळ्या उत्तर गोलार्धात. आल्प्समधला वेगळा, हिमालयातला वेगळा, रॉकी पर्वतातला पिवळ्या पोटाचा वेगळा. त्यांच्यातला ग्राउंडहॉग तेवढा सखल भागात एकटादुकटा राहतो. डोंगरातले बहुतेक कुटुंबकबिल्याने.

आजोबांचा अर्ज नामंजूर व्हावा म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आल्प्समधले मार्मोट ऑक्टोबरच्या आसपास बिळाचं तोंड आतून माती, दगड आणि गवताने लिंपून घेतात आणि एप्रिलच्या सुमारास उघडतात. आत सगळं कुटुंब एकमेकांना चिकटून गोळा होऊन पडलेलं असतं. एरवी मिनिटाला शंभराच्या वर पडणारे हृदयाचे ठोके तीन ते पाचांवर येतात. शरीराचं तापमान पाच अंशांच्या आसपास उतरतं. पण ही सलग झोप नव्हे. दर दोनेक आठवड्यांनी सगळे जण अंग पुन्हा पूर्ण तापवतात, थोडा वेळ जागे राहतात आणि परत थंड होतात. साठवलेल्या चरबीतला मोठा वाटा या उठबशीतच जळतो. हे तापवणं घरचे मोठे करतात आणि मधे दाबून बसलेल्या पिल्लांना फुकट ऊब मिळते. पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू जगणार की नाही हे बरंचसं त्याच्या शेजारी किती थोरली भावंडं झोपली आहेत यावर ठरतं.

वसंतात बाहेर येतो तो तीनेक किलोचा प्राणी, शरद ऋतूत हाच सहा-सात किलोचा होऊन आत जाणार. तुम्ही म्हणता तो लोंबता कोट म्हणजे हा मधला फरक.

पिल्लांचं म्हणाल तर मीलन बाहेर आल्या आल्या लगेच उरकतं. गर्भावस्था पाच आठवड्यांच्या आत, त्यानंतर पिल्लं पाच-सहा आठवडे बिळातच दूध पितात. त्यामुळे आल्प्समध्ये ती जमिनीवर दिसतात जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत. तुम्ही गेलात तेव्हा ती तुमच्या पायाखाली चार-पाच फुटांवर असतील.

खडूस_आजोबा (९ जून)

दर पंधरा दिवसांनी उठून घर तापवायचं, म्हणजे झोपेतही संसार सुटत नाहीच. अर्ज मागे.

ओंजळ (९ जून)

दंडवत! आणखी एक विचारते. मी कुठेतरी वाचलं होतं की एकच शीळ म्हणजे वरून गरुड आला, आणि लागोपाठ शिळा म्हणजे जमिनीवरून कोल्हा. खरं आहे का?

मृगजळ (१० जून)

अर्धं खरं. आधी दोन दुरुस्त्या. तो कोल्हा नाही, खोकड. आणि ती शीळही खरं तर शीळ नाही, घशातून काढलेली किंकाळी आहे. आपल्याला लांबून शिळेसारखी वाटते एवढंच. कॅनडातलं व्हिसलर हे गाव ज्या डोंगराच्या पायथ्याशी आहे त्या डोंगराचं नाव आधी लंडन होतं, मार्मोटच्या शिळेवरून ते व्हिसलर झालं.

आता मुद्दा. आल्प्समधल्या मार्मोटांत वरून संकट आलं तर बऱ्याचदा एक आवाज आणि जमिनीवरून आलं तर मालिका, असा कल दिसतो खरा. पण ते शब्दकोशासारखं पक्कं नाही. पिवळ्या पोटाच्या मार्मोटांत तर धोका जितका जवळ तितके आवाज भराभर, मग समोर कोणी का असेना. म्हणजे ते ‘गरुड’ असं सांगत नाहीत, ‘लांब आहे’ किंवा ‘मेलो!’ असं सांगतात.

हे कळलं कारण मी राहतो त्याच राज्यात, कोलोरॅडोत, गॉथिक नावाच्या जागी एक संशोधन केंद्र आहे आणि तिथे १९६२ पासून एकाच दरीतल्या मार्मोटांवर पिढ्यान्‌पिढ्या नजर ठेवली जाते. रानटी सस्तन प्राण्यांचा इतका लांबलेला अभ्यास जगात मोजकाच. कोणाची आई कोण, कोण किती वर्षं जगलं, सगळी वंशावळ तयार.

तिथला एक निष्कर्ष मला फार दिवस छळत होता. १९७६ ते १९९९ या काळात तिथले मार्मोट शीतनिद्रेतून ३८ दिवस लवकर उठायला लागले. हवा तापली म्हणून. पण बर्फ मात्र लवकर वितळत नव्हता! म्हणजे उठले तर बाहेर सगळं पांढरं. निळी_छत्री यांनी पाहिलेलं बर्फातलं भोक म्हणून जरा वेगळ्या नजरेने बघा. तो गडी कदाचित कितीतरी दिवस त्या बर्फावरून रिकाम्या पोटी ये-जा करत असेल.

निळी_छत्री (१० जून)

बाप रे. मला ती वाट गमतीची वाटली होती.

मग त्यांची संख्या घटली का?

मृगजळ (१० जून)

तिथे उलटंच झालं. पुढच्या काळात वाढीचा हंगाम लांबला, प्राणी वजनदार झाले आणि संख्या वाढली. २०१० मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण तुमच्या फ्रेंच आल्प्समध्ये हिवाळ्यातला बर्फाचा थर पातळ झाला. बर्फ म्हणजे बिळावरची गोधडी. ती विरली की आत थंडी जास्त, चरबी जास्त जळते, आणि वसंतात आईच्या अंगात कमी ताकद उरते. तिथे एका वेळची पिल्लांची संख्या घटत गेल्याची नोंद आहे. तापमानवाढ तीच, दोन डोंगरांत दोन तऱ्हा.

अनवाणी (११ जून)

लडाखची बाजू मी मांडतो. चांग ला खिंड ओलांडून पँगाँगकडे उतरताना रस्त्यालगतच्या कुरणात हिमालयी मार्मोट हमखास दिसतात. लडाखीत याला फिया म्हणतात. हा आल्प्सवाल्यापेक्षा धिप्पाड, आणि ३००० पासून पाच हजार मीटरच्याही वर राहतो. पश्चिमेला द्रास-सुरूच्या बाजूला गेलात तर लांब शेपटीचा, सोनेरी-तांबूस मार्मोट भेटतो. तो दिसायला जास्त देखणा, असं माझं प्रामाणिक मत. (हिमालयी पक्षाने मनाला लावून घेऊ नये.)

चांगथांगात, म्हणजे तिथल्या उंच पठारावर, मार्मोट बघायला म्हणून बसलं की बाकीचं आपोआप दिसतं. क्यांग म्हणजे रानगाढवांचे कळप, पाणथळीत काळ्या मानेचे क्रौंच, आणि दगडादगडांत पिका. एकदा पिकाच्या बिळातून चिमणीएवढा पक्षी भुर्रकन बाहेर आला आणि मी दचकलोच. तिबेटी पठारावरच्या काही हिमचिमण्या पिकांच्या बिळांतच घरटं करतात, हे नंतर कळलं.

जाता जाता, एक गंमत. हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने भारताच्या उत्तरेला सोनं उकरणाऱ्या, कुत्र्याहून लहान पण खोकडाहून मोठ्या मुंग्यांचं वर्णन केलंय. लोक शतकानुशतकं हसले. मग मिशेल पेसेल या फ्रेंच भटक्याने मांडलं की त्या मुंग्या म्हणजे देवसाई पठाराजवळचे मार्मोट असावेत. ते बिळातून उकरून काढतात त्या मातीतले सोन्याचे कण तिथले लोक वेचत. त्याच्या मते घोटाळा भाषेचा, कारण मार्मोटासाठीचा जुना फारसी शब्द ‘डोंगरी मुंगी’च्या जवळ जातो. हे सगळ्यांनाच पटलेलं नाही. पण आपल्याकडे महाभारतात, सभापर्वात, युधिष्ठिराच्या राजसूयाला उत्तरेकडचे खस वगैरे लोक जे सोनं भेट आणतात त्याला ‘पिपीलिक’ म्हटलंय. पिपीलिका म्हणजे मुंगी, मुंग्यांनी उकरलेलं सोनं! दोन इतक्या लांबच्या ग्रंथांत एकच मुंगी भेटते म्हटल्यावर मला तरी पेसेलचं म्हणणं आवडतं.

खडूस_आजोबा (११ जून)

तेवढ्यासाठी कोणी बिळात हात घालू नये. माहिती जनहितार्थ.

घारू (१२ जून)

मी पण पँगाँगच्या वाटेवर पाहिले. आमच्या चालकाने गाडी थांबवली आणि बिस्किटं दिली. मार्मोट अगदी हातातून घेऊन दोन पायांवर बसून खातात. पोरं हरखून गेली. इथे तुम्ही सगळे दुर्बिणी लावून तासन्‌तास बसायच्या गोष्टी करताय, आम्हाला दोन मिनिटांत वीतभर अंतरावर दिसले. काय बिघडलं?

अनवाणी (१२ जून)

घारू, राग नाही, पण मी पाहिलेलं सांगतो. त्याच पट्ट्यात रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत एक वसाहत आहे. तिथले मार्मोट माणूस दिसला की बिळाच्या तोंडाशी जातात, उभे राहून बघतात. रस्त्यालगतचे मात्र गाडी थांबल्याचा आवाज आला की गाडीच्या दिशेने धावत सुटतात. मी अर्धा तास बसलो होतो, तेवढ्यात तिघे चाकांच्या मधून पलीकडे गेले. त्यातल्या एकाने तर खाणं मिळेना म्हणून एका बाईंच्या बुटाची नाडी ओढली. सगळे हसले, मीही हसलो. मग लक्षात आलं की या अर्ध्या तासात एकदाही शीळ झाली नाही. वर दोन वेळा गरुड घिरटी घालून गेला होता.

दुर्बीणवाला (१२ जून)

अनवाणींचा शेवटचा मुद्दा लाखमोलाचा. आणि या प्राण्याच्या हिशोबात उन्हाळा फार तोकडा असतो. चार-पाच महिन्यांत वजन जवळजवळ दुप्पट करायचंय, तेही गवत, फुलं, कंद यातूनच. त्यांचं पोट त्यासाठी बनलंय, साखर आणि मैद्यासाठी नाही.

शिवाय मार्मोटच्या अंगावरच्या पिसवा प्लेगचे जंतू बाळगू शकतात. सगळीकडे नाही, नेहमी नाही, पण मध्य आशियात हा इतिहास मोठा आहे. १९१०-११ मध्ये मांचुरियात फुफ्फुसाच्या प्लेगने साठ हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याची सुरुवात तारबगान जातीच्या मार्मोटांच्या कातड्यासाठी झालेल्या शिकारीशी जोडली जाते. वू लिएन-तेह या डॉक्टरांनी कापसाचा आणि जाळीच्या कापडाचा मास्क वापरायला लावला तो याच साथीत. २०१९ मध्ये मंगोलियात कच्चं मार्मोट खाल्लेलं एक जोडपं प्लेगने गेलं. हातातून बिस्किट दिलं की लगेच प्लेग होतो असं म्हणत नाही. पण पोरांच्या हातात ते जनावर देण्याआधी एवढं माहीत असावं.

मृगजळ (१३ जून)

आणि मार्मोट स्वतःचं खाणं स्वतः शोधतो, त्याचा अनुभव घ्या. कॅलिफोर्नियातल्या सिकोया राष्ट्रीय उद्यानात मिनरल किंग नावाची दरी आहे. तिथले मार्मोट वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला उभ्या गाड्यांच्या खाली शिरून रेडिएटरचे पाइप आणि वायरी कुरतडतात. लोक जमिनीवर ताडपत्री अंथरतात, तिच्यावर गाडी चढवतात आणि चारही बाजूंनी वर घेऊन पोटली बांधतात. वाहनतळ लांबून बघितला तर भेटवस्तू मांडून ठेवल्यासारखा दिसतो.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शहाणपणा करून ताडपत्री लावली नाही. दोन दिवसांनी डोंगरातून उतरलो. गाडी सुरू झाली, पहिल्या वळणावर तापमानाचा काटा लाल रेघेवर. बॉनेट उघडलं तर पाइपाला नीट अर्धचंद्राकृती चावा, वर दोन दातांच्या खुणा स्पष्ट. आणि इंजिनावर, अगदी मधोमध, लेंड्या. पावती दिल्यासारख्या.

खडूस_आजोबा (१३ जून)

पोचपावती. शासकीय खात्यातला मार्मोट असणार.

घारू (१४ जून)

बरं बरं, मानलं. नाडी ओढणाऱ्यासारखा एक आमच्याही फोटोत आहे. आता तो फोटो बघताना पूर्वीसारखी मजा येत नाही, त्याला तुम्ही जबाबदार.

पण मग जवळून बघायचं कसं? आमच्याकडे मोठी लेन्स नाही. आणि पोरं अर्धा तास गप्प बसत नाहीत.

दुर्बीणवाला (१४ जून)

आता आलात रुळावर. लेन्सपेक्षा बसणं महत्त्वाचं. मी करतो ते सांगतो.

वेळ सकाळची. पहाटेच्या अंधारात जायची गरज नाही, उतारावर ऊन पोचण्याआधी पोचलात की झालं. ऊन बिळाच्या तोंडाशी आलं की एक एक डोकं वर येतं. आधी ते खडकावर पसरून अंग शेकतात, मग चरतात. भर दुपारी उकडायला लागलं की खाली गारव्याला जातात. त्यांच्या अंगावरचा कोट हिवाळ्यासाठीचा, त्यांना उन्हाचा त्रास आपल्याहून जास्त. दुपार कलली की दुसरी फेरी. बरेच लोक नेमके अकरा ते तीन चढतात आणि ‘काही दिसलं नाही’ म्हणून उतरतात.

थेट त्यांच्या दिशेने चालू नका. जणू दुसरीकडेच निघालाय अशा तिरक्या वाटेने, मधे थांबत जा. चरणाऱ्या मार्मोटने मान वर केली आणि चघळणं थांबवलं, की तुमची हद्द तिथे संपली. तिथेच बसा. तो पुन्हा चघळायला लागला तर तुम्ही पास. उभा राहिला, शेपटी फडकवायला लागला, तर दोन पावलं मागे. अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांत बहुतेक प्राण्यांपासून साधारण २३ मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून ९१ मीटर असा नियम असतो. पण मीटरपट्टीपेक्षा ते चघळणं बघणं जास्त खात्रीचं. आणि त्याच्या व त्याच्या बिळाच्या मधे कधीही येऊ नका. पळायची वाट बंद झालेला मार्मोट दात वाजवतो, आणि ते दात मृगजळ यांच्या पाइपाने पाहिलेत.

दुर्बीण ८x४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे. मोठी घेतली की हात थरथरतो आणि खांदा दुखतो. पोरांना दुर्बीण द्या आणि मोजायला लावा: किती जण, कोण कोणाला नाक लावतं, कुस्ती कोण जिंकलं. कुस्ती खरंच असते. दोघं मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांच्या छातीला पंजे लावून ढकलतात. माझी भाची दीड तास गप्प बसली होती. तिच्या आईने मला अजून दोनदा विचारलंय, काय केलंस म्हणून.

ओंजळ (१५ जून)

अनवाणींनी लिहिलेल्या पिकाबद्दल कोणीतरी सांगा ना. तो पण मार्मोटसारखा झोपतो का?

मृगजळ (१५ जून)

नाही, तो झोपतच नाही. पिका म्हणजे सशाचा नातलग, मुठीएवढा, गोल कानांचा, शेपटी दिसतच नाही. आमच्याकडचा दगडांच्या राशीत राहतो. हिवाळाभर बर्फाखाली जागा असतो, म्हणून उन्हाळ्यात गवत-फुलं तोडून दगडाखाली गंजी रचतो. जूनच्या सुरुवातीला गेलात तर नवी गंजी दिसणार नाही, पण दगडाखाली डोकावलात तर गेल्या वर्षीचं उरलेलं काळपट गवत सापडतं. ‘ईप!’ असा खेळण्यातून यावा तसा आवाज येतो, आणि तो कुठून आला हे कधीही कळत नाही. मी एकदा वीस मिनिटं एका दगडाकडे टक लावून बसलो. पिका माझ्या पिशवीमागे होता.

अमेरिकी पिकाला उष्णता मुळीच सोसत नाही. पंचवीस-सव्वीस अंशांत सावलीशिवाय काही तास काढावे लागले तर तो मरू शकतो. म्हणून दुपारी दगडांच्या खाली, जिथे आतून गार हवा येते तिथे.

निळी_छत्री (१६ जून)

मार्मोटच्या नादात मी आयबेक्सबद्दल, म्हणजे आल्प्समधल्या रानबकऱ्यांबद्दल, लिहायचं विसरलेच. त्याच दिवशी वर कड्यावर नऊ नर दिसले. अंगावरची हिवाळी लोकर उपटलेल्या गादीसारखी चकत्याचकत्यांनी सुटत होती, आणि एक जण शिंगाच्या टोकाने पाठ खाजवत होता. एवढी मोठी शिंगं आणि काम काय, तर पाठ खाजवणं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समध्ये शिकारीने जवळपास शंभरच आयबेक्स उरले होते, तेही इटलीतल्या ग्रान पारादिसो भागात. १८५६ मध्ये राजाने तो भाग आपल्या शिकारीसाठी राखून ठेवला आणि इतरांना बंदी घातली. त्या स्वार्थामुळे ते वाचले. १९२२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. आज आल्प्समध्ये हजारोंनी आहेत ते त्याच मूठभरांचे वंशज. वानवाज त्याला लागूनच आहे, १९६३ चं, फ्रान्समधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान.

आणि त्याच कड्यावरून दाढीवालं गिधाड गेलं. पंखांचा पसारा अडीच मीटरच्या वर. हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतं आणि तुकडे गिळतं. छाती नारिंगी दिसते ती लोहयुक्त चिखलात अंघोळ केल्यामुळे, मुळात पिसं पांढरीच. आल्प्समधून हे नामशेष झालं होतं, १९८६ पासून पुन्हा सोडायला सुरुवात झाली.

खडूस_आजोबा (१७ जून)

आता एकदाच गंभीर होतो, मग पुन्हा नाही.

टार्मिगन नावाचा पक्षी. हिवाळ्यात पांढरा, उन्हाळ्यात दगडाच्या रंगाचा, आणि जूनमध्ये दोन्हीच्या मधे, म्हणजे निम्मं काम करून रंगारी पळून गेल्यासारखा. असा एक माझ्या समोरून बर्फावरून चालत निघाला. उडत नव्हता, नुसता चालत होता. मीही मागे. डोळे पक्ष्यावर, पाय कुठेही. एका मोठ्या काळ्या खडकाशी पोचलो आणि कमरेपर्यंत आत गेलो.

खडक उन्हाने तापतो आणि भोवतीचा बर्फ आतून वितळतो. वरून सपाट, खाली पोकळ. माझा पाय दोन दगडांच्या मधे अडकला. मोडला नाही, पण सोडवायला चाळीस मिनिटं लागली, आणि बुटात बर्फाचं पाणी. सोबत्याने काठी देऊन ओढलं. ओढ्यावरच्या बर्फाच्या पुलांचंही तसंच. सकाळी टणक, दुपारी खालून पाणी खात असतं. तेव्हा उतरतानाची वाट सकाळच्या भरवशावर ठरवू नका, आणि खडकाच्या कडेने बर्फावरून जाऊ नका.

पक्षी दहा पावलांवर उभा राहून बघत होता. तोही चघळत होता, म्हणजे दुर्बीणवाल्यांच्या नियमाप्रमाणे मी पास.

अनवाणी (१७ जून)

आजोबा, पाय बरा आहे ना आता?

खडूस_आजोबा (१७ जून)

पाय बरा आहे. अब्रू अजून त्या खड्ड्यात आहे.

निळी_छत्री (६ जुलै)

धागा वर काढतेय, कारण बातमी आहे. परत जाऊन आले. तीच जागा, तोच सपाट खडक. बर्फाचा पट्टा गेलेला, ते भोक आता गवतात, आणि मळकट वाटेच्या जागी पिवळी फुलं.

साडेसातला पोचले, तिरक्या वाटेने, वारा तोंडावर घेऊन. सव्वाआठला ऊन आलं. आधी थोरला आला (कोट आता बराचसा अंगाला बसलाय!), खडकावर पसरला. मग बराच वेळ काहीच नाही. नऊच्या सुमारास बिळाच्या तोंडाशी काहीतरी राखाडी हललं. एक डोकं, लिंबाएवढं. त्याच्यामागे दुसरं. मागच्याने ढकललं म्हणून पुढचं बाहेर पडलं आणि घाबरून परत आत. असं तीन-चार वेळा. शेवटी चौघंही बाहेर! एकाने फुलाची दांडी तोंडात धरली, दुसऱ्याने त्याच फुलाचं दुसरं टोक धरलं, आणि दोघं ओढत बसली. फूल तुटल्यावर दोघंही मागे कोलमडली. आई तीन हात अंतरावर चरत होती. तिने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी श्वास धरला. चघळणं सुरू झालं. पास!

दीड तास झाला असेल. भुरभुर पाऊस सुरू झाला. आणि तेवढ्यात शीळ, अशी कडक की कानात गेली. लगेच दुसरी, तिसरी, भराभर. पापणी लवायच्या आत उतार रिकामा. मी आभाळ धुंडाळलं. गरुड नाही. गिधाड नाही. मागे वळून पाहिलं, खोकड नाही, कुत्रा नाही, माणूस नाही. दुर्बीण लावून सगळा कडा पालथा घातला. पाच मिनिटांनी थोरल्याचं नाक बिळातून वर आलं, आणि त्याची नजर नेमकी माझ्या डोक्याच्या वर.

तेव्हा कळलं. पाऊस आला म्हणून मी छत्री उघडली होती.

मृगजळ (६ जुलै)

म्हणजे त्यांच्या हिशोबात ‘मेलो!’ गटातलं संकट. अभिनंदन.

दुर्बीणवाला (७ जुलै)

चौघंही दिसली हे फार छान झालं. पुढच्या वेळी टोपीचा रेनकोट न्या, मळखाऊ रंगाचा.

खडूस_आजोबा (७ जुलै)

आणि आयडी बदला.